माळावरच्या मातीचा नमुना

वणीकडे आमचं माळाचं वावर आहे. तिथे विहीर नाही, बोअर कोरडं गेलेलं, पावसावर येईल ते येतं. यंदा तिथला मका मी माझ्या मतानं करते, असं मी सासऱ्यांना सांगितलं. नवरा नाशिकला कंपनीत, त्याचं शेतीतलं मत सुट्टीपुरतं. सासरे म्हणाले, कर. मका साधला तर वावर तू बघ, नाही साधला तर पुढच्या सालापासून वाट्यानं देऊन टाकू. चहा मागावा तशा आवाजात म्हणाले.

मी हौसेनं माती तपासायला काढली. वावरात नागमोडी फिरून वीतभर खड्डे घेतले, बांधालगतची आणि झाडाखालची जागा टाळली, सगळी माती कालवून सावलीत वाळवली, पिशवी भरून रात्री दाराशी ठेवली आणि सकाळी माती तपासणीच्या सरकारी प्रयोगशाळेत नेऊन दिली. अहवाल बघून मी उडालेच. नत्र भरपूर, स्फुरद भरपूर, सेंद्रिय कर्ब तर विचारूच नका. त्या माळावर आजवर कुसळांखेरीज काही भरपूर आलेलं नव्हतं. पण कागदावर शिक्का होता, त्यापुढे माझं काय चालणार? पेरताना खत हात आखडून टाकलं. खर्च वाचला म्हणून सासरेही खूश.

मका गुडघ्याला लागला आणि खालची पानं टोकाकडून पिवळी पडायला लागली, मधल्या शिरेवरून आत आत, नत्र कमी पडल्यावर पडतात तशी. शेजारचा मका हिरवागार आणि आमचा कावीळ झाल्यागत उभा. सासऱ्यांनी बांधावर उभं राहून तंबाखू मळली आणि वाटेकऱ्याला उद्या बोलावतो म्हणाले. रागावले असते तर मी भांडले तरी असते. मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी सासरे जेवायला बसले. सासूबाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वाटेकऱ्याला बोलवू नका. पिशवीतली माती मी बदलली व्हती. उकिरड्याखालची भरली."

सासऱ्यांनी घास ताटात ठेवला. असं का केलंस, विचारलं त्यांनी.

"पाहुण्यापुढं फुटकी कपबशी ठेवतं का कोणी? आन् वावर हिला मिळायचं व्हतं. माती नापास झाली असती तर?"

मला हसू, राग, रडू, सगळं एकदम आलं. या बाईनं माझ्यासाठी केलेली ही पहिली लबाडी, आणि तीही थेट मक्याच्या मुळावर.

सासऱ्यांनी मला विचारलं, आता काय? मी सांगितलं, परवाच्या पावसानं वाफसा आहे, माती ओलसर पण चिकट नाही, उद्या युरिया देऊन बुडख्याशी माती ओढली तर मका सावरेल, पण पुरता नाही. त्यांनी ताट बाजूला सारलं. मग सासूबाईंकडे वळून म्हणाले, "तुझं काय म्हणणं हाय?"

मी या घरात नांदायला आल्यापासून सासूबाईंना शेतीतलं कोणी काही विचारल्याचं ऐकलं नव्हतं. त्यांनीही नसावं, कारण हा प्रश्न आपल्याला आहे हे कळायलाच त्यांना वेळ लागला. तव्यावरची भाकर करपली.

"युरिया द्या," त्या म्हणाल्या. "आन् पुढच्या साली बी हिलाच करू द्या. माती मी न्हेऊन देईन. खरी."