जळका सप्लाय
कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय जळाला की एक करपट, खवट वास सुटतो, आणि तो नाकात गेला की मला नसरापुरातला एक फोटो स्टुडिओ आठवतो. डिजिटल कॅमेरे नुकतेच आले होते आणि मी गावोगाव कॉम्प्युटर दुरुस्तीला जायचो. त्या दुपारी वीज वरखाली होऊन स्टुडिओचा कॉम्प्युटर बंद पडला होता, आणि बाकावर कामथडीचे एक वयस्कर शेतकरी टोपी हातात घेऊन बसले होते. स्टुडिओवाले चाचा मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्यांची लेक सासरी भाजून गेली. उद्या दहावा हाय. भावाच्या लग्नातला तिचा एकच फोटो, त्यो बी ह्याच्यातच, छापायचा राहिलेला." मी सप्लाय, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, सुटा केला, तो चालतो का बघायला त्याची हिरवी आणि काळी तार जोडून पाहिली, पण त्याचा पंखा हलला नाही. झाकण काढलं तसा वास दुकानभर झाला. बाकावरचे बाबा ताडकन उठले. "काय जळलं?" "हा डबाच जळलाय, बाबा. फोटो वेगळ्या भागात असतो, तिथवर काही पोचलं नसावं." माझ्या पिशवीतला दुसरा सप्लाय जोडला, मशीन सुरू झालं, आणि हिरव्या साडीतली, मुठीत अक्षता धरलेली पोर पडद्यावर आली. बाबांनी काचेवरून बोट फिरवलं. "हितं तोंड नीट हाय," ते म्हणाले. "दवाखान्यात आमास्नी वळखू आली न्हवती." आता माझं स्वतःचं दुकान आहे, पण जळका सप्लाय मी गिऱ्हाईकासमोर कधी उघडत नाही. मागच्या दारी नेऊन उघडतो.