पुतळ्याखालचा मळा

अकोल्याला कापसातून सरकी काढायच्या जिनात मी फिटर होतो. मालकांनी नवी यंत्रं मागवली आणि ती बसवायला शिकून ये म्हणून वर्षभर मलाच विलायतेला धाडलं. अमरावतीच्या माळ्याचं पोर विलायतेला! मग काय विचारता, माझे पाय जमिनीवर राहतात कुठले.

तिकडं मी राहिलो त्या बंदराच्या शहरात जिकडं पाहावं तिकडं पुतळे. घोड्यावरचे, उभे, खुर्चीत बसलेले. गावाच्या ऐन मधोमध बागा, बागेत हिरवळ, हिरवळीवर पुतळा आणि त्याच्याकडं पाहत बसायला बाकं. आपल्याकडचे शेंदूर फासलेले दगड आठवून मला तेव्हा लाज वाटायची. खरंच वाटायची, कशाला खोटं सांगू.

कापसाच्या व्यापाराची तिथं एक टोलेजंग इमारत होती. तिच्या दर्शनी भिंतीवर कोरीव काम केलेलं. मधे सिंहासनावर एक बाई, तिच्या पायाशी सिंह, आणि एक उघडाबंब माणूस गुडघे टेकून तिला कापूस देतोय. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी भर रस्त्यात ओरडलोच, "अरे, हा तं आमचा कापूस!" फुटलेलं एकेक बोंड मोजून घ्यावं इतकं बारीक काम. पण रोज त्याच रस्त्यानं जाता-येता एक दिवस ध्यानात आलं, की त्या माणसाला धड चेहराच नाही. नाक म्हणून एक उंचवटा, डोळ्यांच्या जागी दोन खळगे, बस्स. सिंहाच्या मिशा मात्र केस न् केस कोरलेल्या. कारागिराचा हात तिथं थकला नव्हता मेल्याचा!

मला राग आला. पण घरी पत्र लिहिताना ती गोष्ट मी गाळली. विलायतेला गेलेल्या पोरानं गुडघे टेकलेल्याचं काय कौतुक लिहायचं? मी लिहिलं ते बागांचं. "माय, सुधारणा म्हणतात ती ही. आपल्या अमरावतीतही अशी बाग पाहिजे. भर गावात वांगी लावत बसणं हे मागासपण आहे." ही अक्कल मी पाजळली, आणि कोणाला, तर भर गावात वांगी लावूनच जिनं मला वाढवलं तिला.

बाप गेल्यापासून मळा आईच पाहायची. एकेकाळी तो गावाबाहेर होता, मग गावच त्याच्याभोवती येऊन बसलं. वांगी, शेवंती, झेंडू, आणि बारमाही पाण्याची विहीर. सकाळी घरोघरी देवपूजेची फुलपुडी द्यायला ती निघायची. तिला वाचता येत नव्हतं. माझं पत्र आलं की ते ती फुलांच्या टोपलीत ठेवायची आणि ज्या ज्या घरात वाचणारं माणूस असेल तिथं पुडी देता देता म्हणायची, "वाचा नं जरासं, पोरानं काय लेहलं ते." एक पत्र दहादा ऐकायची. मजकूर पाठ झाला तरी पुढच्या घरी पुन्हा टोपलीतून काढायचीच.

त्यातलं एक घर वकिलाचं होतं. बदलून गेलेल्या कुण्या साहेबाचा पुतळा उभारायला गावातल्या बड्यांनी एक कमिटी काढली होती. वकील तिच्यात होता, आणि कमिटीला जागा सापडत नव्हती. माझं पत्र म्हणजे त्याच्या हाती आयतंच कोलीत लागलं. "हे राहू द्या माझ्याकडे," म्हणाला. आठवड्यानं कागद घेऊन मळ्यात हजर. तिच्यासमोर माझंच पत्र पुन्हा वाचलं आणि म्हणाला, "बाई, तुमच्या मुलाचीच इच्छा आहे." तिनं अंगठा दिला. बदल्यात गावाबाहेर एक मुरमाड तुकडा मिळाला, त्यात विहीर नाही.

यातलं मला काही म्हणता काही कळवलं नव्हतं. वर्ष संपवून परतलो, बडनेऱ्याच्या स्टेशनावर उतरून टांगा केला, मळ्याकडं घे म्हणालो, तर टांगा लोखंडी कुंपणापाशी थांबला. आत साहेब उभा, दगडी, टोपीसकट. विहीर बुजवलेली. मोटेचं पाणी जिथं पडायचं त्या थारोळ्याचे गुळगुळीत दगड चौथऱ्याला लावलेले. लहानपणी त्यांच्यावर बसून मी अंघोळ केलेली, ते मला ओळखू येणार नाहीत? फाटकावर पाटी होती, फुलं तोडू नयेत. आदल्याच आठवड्यात तिथली शेवंती खुडली म्हणून रखवालदारानं एका म्हातारीची टोपली हिसकावून घेतली होती. टांगेवाल्यानंच सांगितलं हे, हसत हसत. ती माझी आई होती. पाटी तिला वाचता आली नाही, आणि शेवंती तर तिनंच लावलेली.

मुरमाड तुकड्यावर ती ढेकळं फोडत होती. मी पायसुद्धा न धरता ओरडलो.

"अंगठा कावून देला, माय? मले इचारलं कावून नाही?"

"तुलेच तं इचारलं, बापा," ती म्हणाली. "तुयंच पत्र वाचून दाखवलं त्यानं."

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी. हे कळत होतं, तरी जीभ गप्प बसेना. "मी खोटं नव्हतं लेहलं," मी म्हणालो. "तिकडं तशा बागा हायेत, माय. लय चांगल्या हायेत."

तिनं ढेकूळ फोडलं, कंबर सरळ केली आणि माझ्याकडं पाहिलं. बोलण्यात राग नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"त्या बागंच्या जागी पहिले कोनाचा मळा होता रे?"

मला माहीत नव्हतं. वर्षभर तिथल्या बाकांवर बसून मी दुपारचा पाव खाल्ला होता, पण हे कोणाला विचारलं नव्हतं.