मावसाजींची तंद्री

आमच्या मावसाजींना पुसेगावात सगळे 'बहिरे' म्हणत. कान मात्र असे तिखट, की आतल्या खोलीत मी गुळाचा डबा उघडला तरी ओट्यावरून आवाज यायचा, "एकच खडा घे गं." पण बाज विणायला बसले की संपलं! सुतळी हातात आली की माणूस तिथे असून नसल्यासारखा. पोट शेतीवर होतं, बाजा विणणं हा नुसता नाद. कुणीही सांगाडा आणून टाकावा आणि यांनी विणून द्यावा.

एकदा शेजारच्या पोराची वरात बँडबाजासकट त्यांच्यासमोरून गेली. फटाके फुटले, पोरं धूळ उडेस्तोवर नाचली. तासाभराने मावसाजींनी मान वर केली आणि मावशीला विचारलं, "काहून गं, वरात अजून निघाली न्हाई?" मावशीने कपाळावर हात मारून घेतला.

गावातले म्हातारे म्हणत, "रक्तातच हाय ते. ह्याच्या बापाच्या पाठीमागं कडब्याची गंजी पेटली, अन् त्यो आपला दोर वळून राहिला व्हता." मावशीला हे मुळीच पटायचं नाही. "कशाचं डोंबलाचं रक्त! सासूबाईनं लेकाला कामातून कवा उठवलंच न्हाई. लाडावला, दुसरं काय!"

मी चार वर्षांची असताना माझी आई गेली आणि मावशीने मला पदराखाली घेतलं. त्यांचा स्वतःचा मुलगा दत्ता दोन फेरे विणले की पसार व्हायचा. मी मात्र मावसाजींशेजारी बसून बघत बघत शिकले आणि मलाही तीच तंद्री लागायला लागली. मावशी पाण्यासाठी तीनदा ओरडली तरी मला पत्ता नसायचा. एकदा ती मारायला धावली, तेव्हा मावसाजींनीच घागर उचलली आणि हापशावर गेले. बायका तोंडाला पदर लावून हसत राहिल्या. परत आल्यावर ते मावशीला म्हणाले, "झोपलेल्याला उठवलं तर चालतं. कामाला बसलेल्याला हाक मारू नये."

एके दुपारी गल्लीतली एक म्हातारी मी बाजेवर विणलेला नक्षीचा चौक निरखत म्हणाली, "पोटच्या पोराला आलं न्हाई, अन् हिला आलं. ही तर परक्या रक्ताची." मी मावसाजींकडे पाहिलं. वाटलं, आता तरी म्हणतील, ही माझीच लेक आहे. ते सुतळी ओढत राहिले. ऐकू आलं नाही की ऐकून गप्प बसले, देव जाणे. मला इतका राग आला की चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, मेलं!

पुढे मला हिंगोलीकडच्याच गोरेगावात दिलं. मी घरीच ब्लाऊज शिवायला लागले. म्हातारीचं बोलणं मात्र मनातून गेलं नाही. माहेरी गेले की वाटायचं, विचारावं एकदा. पण असलं विचारतात का कुणी?

मावसाजी वारले त्याच्या पंधरा दिवस आधीची गोष्ट. छातीत दुखतं म्हणून ते हिंगोलीला दाखवून आले होते आणि परतताना माझ्याकडे उतरले. ते आल्याचं मला कळलंच नाही. मी त्या दिवशी एका नवरीचं ब्लाऊज घेऊन मशीनवर बसले होते. उठले तेव्हा ऊन कललं होतं. समोरची शेजारीण म्हणाली, "अवो, ते म्हातारबाबा तासभर तुमच्या दारात बसून आत्ताच गेले की!"

मी अनवाणीच स्टँडवर धावले. त्यांना गावाकडे नेणारी सेनगावची जीप निघून गेली होती. परत आले ती रडतच.

"रडता काहून?" शेजारीण म्हणाली. "म्या म्हनलं, हाक मारते. तर म्हनले, बसू द्या तिला, माझ्यावर गेली हाय. लई खुशीत व्हते. वडीलच ना तुमचे?"

"व्हय," मी म्हणाले.