झेरॉक्सवाल्याची फाइल

माझा मेलचा इनबॉक्स आजवर एकदाच पूर्ण रिकामा झाला, आणि त्या दिवशी मी त्याचा फोटो काढून आमच्या वकिलांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘शिस्त असली की सगळं होतं.’ ते वाक्य अजून तिथेच आहे. पुसावंसं वाटलं तोवर पुसायची वेळ निघून गेली होती.

मी कामगारांच्या बाजूने खटले चालवते. चिंचवडला स्टेशनजवळ, औषधांच्या दुकानावर माझं दीड खोलीचं ऑफिस आहे. भोसरीपासून चाकणपर्यंत कुणाला निलंबित केलं, कुणाला काढलं, की तो माणूस फिरत फिरत माझ्या जिन्यावर येतो. औद्योगिक भागाला सुट्टी गुरुवारी, त्यामुळे गुरुवारी माझ्या जिन्यावर पाय ठेवायला जागा नसते. बाकीचे दिवस मी पुण्याला कोर्टात असते आणि ऑफिस बाबा सांभाळतात.

बाबा आकुर्डीच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि ‘पंधरा दिवस मदत करतो’ म्हणून माझ्या ऑफिसात आले. त्याला आता नऊ वर्षं झाली. उभी हयात शॉपफ्लोअरवर गेल्यामुळे त्यांच्या अंगात फाइव्ह-एस भिनलंय. म्हणजे प्रत्येक वस्तूला जागा, प्रत्येक वस्तू जागेवर, आणि जी लागत नाही तिला लाल टॅग लावून बाहेर. ऑफिसात आल्या आल्या त्यांनी माझी कपाटं रंगवली, कप्प्यांना नंबर टाकले आणि स्टेपलर जिथे ठेवायचा तिथे टेबलावर स्टेपलरची बाह्यरेखा काढली. आईने घरातल्या कपाटांना हात लावू दिला नव्हता, ती सगळी हौस इथे फिटली.

पण कॉम्प्युटरच्या आत त्यांचा हात पोचत नव्हता, आणि तिथे माझं राज्य होतं. न वाचलेले मेल हजारांनी पडलेले. महत्त्वाचा कागद मी स्वतःलाच मेल करायचे आणि विषयाच्या जागी लिहायचे, ‘हे बघ’. असे ‘हे बघ’ किती तरी साठले होते आणि मी त्यातलं एकही बघितलेलं नव्हतं. एकदा भर कोर्टात एका कामगाराचं निलंबनाचं पत्र मी मोबाइलवर शोधत उभी राहिले. पाच मिनिटं शोधल्यावर उघडलं ते मावसभावाच्या मुलाच्या बारशाचं आमंत्रण. न्यायाधीश शांतपणे म्हणाले, “सापडलं की सांगा, तोवर पुढचं प्रकरण घेऊ.” माझ्या समोरचा वकील कागदात तोंड घालून हसत होता. त्याच आठवड्यात मी वकिलांसाठीचं ते सॉफ्टवेअर घेतलं.

आता या सॉफ्टवेअरचं काम असं, की प्रत्येक अशिलाची एक फाइल, आणि आलेला प्रत्येक मेल आपोआप आपल्या अशिलाच्या फाइलीत जाऊन बसणार. आपण फक्त एकदा सांगायचं की हा पत्ता अमुक अशिलाचा. पुढचं ते बघतं. प्रकरण संपलं की फाइल बंद करायची. बंद फाइलीत मेल आला तर तो गुपचूप आत जाऊन पडतो, आपल्याला त्रास देत नाही. हा शेवटचा गुण मला सगळ्यात आवडला होता.

सगळ्या फाइली आत घालायला आम्हाला चार रविवार लागले. बाबा शेजारी खुर्ची टाकून बसायचे. सॉफ्टवेअर समजलं नाही तरी त्याची वृत्ती त्यांना पटली होती. फाइल बंद झाली की हिरवी खूण यायची. ती आली की बाबा म्हणायचे, “वा, लाल टॅग.” मी बंद करत गेले, ते वा म्हणत गेले. बापलेकीचं इतकं गूळपीठ माझ्या दहावीच्या निकालालाही जमलं नव्हतं.

यंत्राला शिस्त लावून झाल्यावर मी माणसांकडे वळले. जिन्यात फलक लावला आणि येणाऱ्या प्रत्येकाला तो वाचूनही दाखवला. ‘फोन करू नये. व्हॉट्सॲप करू नये. कागद फक्त मेलवर पाठवावेत. माझं उत्तर आल्याशिवाय कुठेही सही करू नये व कंपनीच्या गेटवर जाऊ नये.’ शेवटच्या ओळीत तथ्य होतं. गेटवर बोलावून कोऱ्या कागदावर सह्या घेतल्याची उदाहरणं मी पाहिलेली आहेत. पहिल्या तीन ओळी मात्र शुद्ध मिजास होती. फोन उचलायचा मला कंटाळा आला होता, इतकंच.

फलक लागल्यानंतर महिन्याभरात मेल कमी होत गेले. मला वाटलं, लोक सुधारले. उगाच काहीबाही पाठवत नाहीत, विचार करून पाठवतात. मग एका संध्याकाळी इनबॉक्समध्ये काहीच उरलं नाही आणि मी तो फोटो काढला. माझ्या आधी कुणीही कामगार-वकील इतका व्यवस्थित झाला नसेल, असं मला अगदी मनापासून वाटलं. पुढच्या महिन्यात चार वकिलांना घरी बोलावून हे सगळं शिकवायचंही मी कबूल केलं होतं. पोहे करायचे की उपमा, एवढंच ठरायचं होतं.

शुक्रवारी सकाळी साडेआठला फोन वाजला. फलकाचा नियम मोडणारा कोण, म्हणून मी जरा तोऱ्यातच उचलला. चाकणच्या एका कंपनीच्या गेटसमोर झेरॉक्सचं दुकान आहे, त्याचा मालक बोलत होता. तिथलाच जुना गाववाला. दुकानात चहाही मिळतो, त्यामुळे पहाटे सहालाच उघडतं.

“मॅडम, राग नका मानू,” तो म्हणाला. “फोन करायचा न्हाई, ठाव हाय. पण आमी धाडलेल्या मेलचं उत्तर तुमी देतच न्हाई. ह्यो माणूस रोज येऊन इचारतो, आलं का, आलं का. आता मी तरी काय सांगू?”

“तुमचा मेल मला आलाच नाही,” मी म्हटलं. मग शेखी मिरवायची सवय जाईना म्हणून पुढे म्हणाले, “माझ्याकडे मेल हरवत नाहीत.”

“आवो, धा-बारा तरी धाडल्यात की मॅडम. एकट्या ह्याचाच न्हाई. हितल्या समद्यांचं कागद माझ्याच मेलवरनं जात्यात. त्यांच्याकडं कुठला मेल?”

मी सॉफ्टवेअर उघडलं आणि शोधात दुकानाचा पत्ता टाकला. तो सापडला एका प्रेस ऑपरेटरच्या नावावर. त्या माणसाचं प्रकरण केव्हाच मिटलं होतं आणि तो लातूरला आपल्या गावी निघून गेला होता. त्याचे कागद या पत्त्यावरून आले, तेव्हा मी यंत्राला सांगितलं होतं की हा पत्ता याचा. मग फाइल बंद केली होती. बाबा वा म्हणाले होते. तेव्हापासून त्या गेटवरच्या प्रत्येक माणसाचा प्रत्येक कागद त्या लातूरच्या माणसाच्या बंद फाइलीत जाऊन मुकाट पडत होता. एकूण एकेचाळीस मेल होते. माझा रिकामा इनबॉक्स तो हा.

सगळ्यात वरचा मेल मागच्या शनिवारचा होता. आत कंपनीचं पत्र. दीड वर्षापूर्वी काढलेल्या एका फिटरला कंपनीने परत कामावर बोलावलं होतं. बुधवारी पहिल्या शिफ्टला हजर व्हावे, न झाल्यास आपणास नोकरीत स्वारस्य नाही असे समजले जाईल. पत्राच्या वर दुकानदाराने टाइप केलं होतं, ‘मॅडम हजर होऊ का. उत्तराची वाट बघतो.’ बुधवार उलटून दोन दिवस झाले होते. या पत्रासाठी मी दीड वर्ष भांडत होते.

कपाळावर मारून घ्यायचं असतं ते लोक खरोखर कसं मारून घेतात, ते मला त्या दिवशी कळलं, कारण बाबांनी धावत येऊन माझा हात धरला. दुकानदाराला मी एवढंच सांगितलं की त्या माणसाला कुठे जाऊ देऊ नका, मी निघाले. बाबाही गाडीत बसले.

मोशी ओलांडल्यावर गाड्यांच्या रांगेत अडकलो, तेव्हा बाबांनी तोंड उघडलं. कारखान्यात चूक झाली की पाच वेळा ‘का’ विचारायची पद्धत असते, म्हणजे मूळ कारण हाती लागतं. मला लहानपणापासून या पद्धतीचा तिटकारा आहे. सहामाहीला गणितात नापास झाले तेव्हाही तीच वापरली होती.

“मेल दिसला का नाही?”

“बंद फाइलीत गेला.”

“का?”

“तो पत्ता मी दुसऱ्याच माणसाच्या नावावर टाकला होता.”

“का?”

“मला वाटलं, त्याचाच आहे.”

“का वाटलं?”

“कारण मेल आहे म्हणजे पाठवणाऱ्याचाच असणार, बाबा. सगळ्यांचा आपापला असतो.”

बाबांनी समोरच्या कंटेनरवरून नजर माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, “माझा कुठाय?”

पाचवा ‘का’ त्यांनी विचारलाच नाही. बाबांच्या पेन्शनचे कागद, दवाखान्याचे रिपोर्ट, सोसायटीच्या नोटिसा, सगळं माझ्या पत्त्यावर येतं. शेजारच्या खुर्चीत मेल नसलेला माणूस बसवून मी चार रविवार ते यंत्र भरत होते, आणि फलकावर लिहीत होते की कागद फक्त मेलवर पाठवावेत. कामगाराची मुलगी म्हणून मी भाषणात छाती काढून सांगते, त्या छातीची मला तिथे गाडीत लाज वाटली.

चाकणला पोचेपर्यंत अकरा वाजले. दुकानासमोरच्या बाकावर फिटर बसला होता. चाळिशीचा, परभणीकडचा माणूस. अंगात कंपनीचा जुना गणवेश, इस्त्री केलेला. पायात सेफ्टी शूज. मांडीवर डबा. मला बघून तो उठला आणि मी उशिरा आले याबद्दल स्वतःच ओशाळला.

दुकानदार माझ्या कानाशी म्हणाला, “मंगळवारपास्नं रोज सहाला ह्याच कपड्यात येतोय. उत्तर आलं की तसाच गेटात जायचा म्हून. मी म्हनलं, गड्या, जा आत, मुदत निघून चालली. तर म्हनतो, मॅडमनी सांगितलंय, त्यांचं उत्तर येईस्तवर गेटवर जायचं न्हाई. काल गुरुवार, कंपनी बंद, तरी आला हुता.”

“काल कशाला आलात?” मी फिटरला विचारलं.

“मेल सुट्टीच्या दिवशी बी येतो म्हणले होते ना हे दुकानवाले, मॅडम,” तो म्हणाला. “घरी बसून काय करू? बायको डबा भरून द्यायली रोज.”

मी त्याची माफी मागितली. त्याला ती कुठे ठेवावी कळेना, तो नुसताच डबा या हातातून त्या हातात घेत राहिला. मग मी दुकानातून एक कोरा कागद घेतला आणि काउंटरवर उभ्याने लिहिलं. पत्र मिळाले त्याच दिवशी सदर कामगाराने मला कळवले. माझ्या कार्यालयाने तो मेल सॉफ्टवेअरमध्ये चुकीच्या फाइलीत टाकला व उघडला नाही. मी सांगितल्यामुळेच तो गेटवर आला नाही. यात त्याचा काही दोष नाही, सर्व दोष माझा आहे. खाली सही, शिक्का. वीस वर्षांत मी समोरच्याला अडचणीत आणणारी शेकडो पानं लिहिली असतील, पण इतकं सोपं आणि बिनचूक मराठी माझ्या हातून प्रथमच उतरलं. दुकानदाराने दोन झेरॉक्स काढून दिल्या.

वॉचमनकडे निरोप दिला, तसा कंपनीचा अधिकारी गेटवर आला. कोर्टात आम्ही एकमेकांकडे बघतही नाही. त्याने कागद वाचला.

“मुदत बुधवारची होती, मॅडम.”

“मध्ये गुरुवार गेला,” मी म्हटलं. “म्हणजे कामाचा फक्त एक दिवस चुकला.”

“बुधवार म्हणजे बुधवार.”

“बरोबर आहे. म्हणून तर लिहून दिलंय. हवं तर कोर्टात वाचून दाखवा, मी नाही म्हणणार नाही. पण हा मंगळवारपासून तुमच्या गेटसमोर गणवेशात बसलाय. तुमच्या कॅमेऱ्यात दिसेल.”

तो कागद घेऊन आत गेला. आम्ही चौघे बाकाजवळ थांबलो. दुकानदाराने चहा दिला, माझा तसाच गार झाला. बाबा फिटरला विचारत होते की पूर्वी कुठल्या लाइनला होता, आणि तो सांगत होता. त्या अर्ध्या तासात मी आयुष्यात प्रथमच एखाद्या कंपनीच्या अधिकाऱ्याचं भलं चिंतलं.

अधिकारी परत आला तेव्हा हातात रजिस्टर होतं. “कॅमेरा बघितला,” तो म्हणाला. मग रजिस्टर उघडत, “आमच्याकडेही असलंच काहीतरी सॉफ्टवेअर घेतलंय. चला, आत या, फॉर्म भरून घेऊ. सेकंड शिफ्टपासून कामावर.”

फिटरने डबा उचलला. गेटकडे दोन-चार पावलं गेला आणि थांबला. अधिकारी पुढे निघून गेला होता, वॉचमनने गेट उघडून धरलं होतं, तरी हा वळून माझ्यापर्यंत परत आला.

“मॅडम,” त्याने विचारलं, “मग हे तुमचं उत्तर आलं असं धरू ना?”

बाबांनी लगेच हो म्हटलं, तरी तो माझ्याकडे बघत उभा राहिला. मी मान हलवली, तेव्हा कुठे तो आत गेला.