चालती विहीर

उरवड्याच्या आसपास कुणाची विहीर उपसायची असली, की आधी रंभाबाईला विचारायचं, ही चाल तिच्या बापापासूनची. बाप गेणबा विहिरी खणायचा. त्याला पोरगा नव्हता, म्हणून दोर धरायला रंभा. गेणबानं तिच्याकडून दोन गोष्टी घोटून घेतल्या होत्या. उतरणाऱ्याच्या काखेखालून दोर बांधल्याशिवाय त्याला कडेवरून हलू द्यायचं नाही. आणि बंद पडलेल्या विहिरीत माणसाच्या आधी पेटता कंदील सोडायचा. कंदील विझला, तर सामान उचलून घरी जायचं.

"अन् चालत्या इहिरीत?" तिनं एकदा विचारलं होतं.

"चालत्या इहिरीत कशाला? जेवत्या मानसाला जित्ता हायेस का म्हून इचारतीस व्हय?"

तेवढ्यावर तिचं पन्नास वर्षं भागलं. विहिरीतला माणूस कधी दगावला नाही. नवरा गेला तो तापानं. पोरगी सायली लग्न होऊन बावधनला गेली. पुढं जमीन कारखान्याला गेली आणि जमिनीबरोबर विहीरही कुंपणात गेली. रंभाबाई त्याच कारखान्यात झाडलोटीला लागली. आपल्याच विहिरीच्या कडेचा पाला झाडायचा, आपल्याच कठड्यावर बसून भाकर खायची. तिला त्यात फारसं वावगं वाटत नव्हतं. विहीर तर चालू होती. तिचं पाणी मोटरीनं कारखान्याच्या झाडांना जायचं, आणि आतल्या कपारीत पारवे घुमायचे.

कारखान्याची वीज कारखान्यातच व्हायची. कोळशाची भट्टी होती, उंच धुराडं होतं. दोन वर्षांपूर्वी त्या धुराड्याशेजारी दोन नवे टॉवर आणि एक पांढरी टाकी उभी राहिली. रंभाबाईनं पाळीवरच्या शेखरला विचारलं. शेखर कासार आंबोली गावचा, डिप्लोमा झालेला, पण कुणी विचारलं तर सांगणारा.

"मावशी, धुरात कार्बन डायऑक्साइड असतो ना, तो आपण धरतो. ह्या टॉवरमध्ये धूर खालनं वर जातो अन् औषधी पाणी वरनं खाली येतं. गॅस त्या पाण्याला धरतो. दुसऱ्या टॉवरमध्ये ते पाणी तापवलं, की गॅस सुटा होतो. मग तो दाबायचा, गार करायचा, टाकीत भरायचा."

"भरून करायचं काय?"

"सोड्याच्या बाटल्या भरणारे नेतात."

"म्हंजी लोकं आमचा धूर पित्यात."

"धूर नाही, मावशी. धुरातला चांगला भाग."

हे तिनं गावात सांगितलं, तर शेजारच्या गंगूबाईनं तिला उन्हात बसू नकोस म्हणून सांगितलं.

पौषातली सकाळ होती. वारा इतका पडलेला, की धुराड्यातली वाफसुद्धा सरळ उभी. मोटर दोन दिवस बंद होती, पाइपाच्या टोकाची जाळी चोंदली होती. ती काढायला पौडचा जुनैद आला. जुनैद कारखान्यातला फिटर. पौडच्या बाजारात त्याच्या आईचं, जोहराबीचं, बांगड्यांचं दुकान. रंभाबाईला तो आत्या म्हणायचा, कारण जोहराबी आणि ती एका शाळेत दुसरीपर्यंत शिकल्या होत्या आणि दोघींनी एकदमच शाळा सोडली होती.

"आत्या, तुमची इहीर हाय. परवानगी द्या."

"दोर बांध आदी."

"चाळीस फूट तर हाय. निम्म्यापर्यंत पायऱ्या, फुडं लोखंडी कड्या."

"चार फूट असली तरी बांध. लग्न ठरलंय ना तुजं? नवरी माज्या नावानं बोटं मोडंल."

त्यानं हसत हात वर केले. तिनं काखेखालून दोर घेतला, गाठ ओढून बघितली.

सोबत आलेला शेखर म्हणाला, "मावशी, हवा कशी आहे आतली?"

तिनं कठड्यावरून वाकून बघितलं. वास नव्हता. पाणी आरशासारखं. पारवे मात्र दिसले नाहीत. पलीकडं पत्रा कापायचं काम चालू होतं, त्या आवाजानं उठले असतील, असं तिला वाटलं.

"चालती इहीर हाय," ती म्हणाली. "उतरू दे."

जुनैद पायऱ्या उतरला. पायऱ्या संपल्या, कड्या लागल्या. तिसऱ्या कडीवर तो थांबला.

"आत्या, हितं लई गार लागतंय."

"पाण्याची इहीर हाय, गार लागंल न्हाई तर काय."

"डोकं..." तो म्हणाला, आणि दमलेला माणूस ओट्यावर बसतो तसा खाली बसत गेला. पाय कडीतून सुटले. दोर ताठला.

"वडा," रंभाबाई म्हणाली. आवाज चढलासुद्धा नाही. दोराला तिघं मजूर होते, ते ओढू लागले. शेखर मात्र पायऱ्यांकडं धावला. तिनं त्याची कॉलर मागून धरली आणि त्याला कठड्यावर आपटलं. ती साठीची बाई आणि तो जवान गडी, पण हलू शकला नाही.

"सोडा मावशी, तो बुडेल."

"तू उतारलास तर दोन वडावं लागत्याल. तुला दोर हाय का?"

जुनैद वर आला तेव्हा ओठ निळे होते. छाती हलत नव्हती. शेखरनं त्याच्या तोंडात हवा फुंकली, कुणीतरी ऑक्सिजनची नळी आणली. रंभाबाई उभी होती. मग जुनैदनं एक मोठा घोगरा श्वास घेतला आणि तो ओकला. गाडी त्याला घेऊन पिरंगुटला गेली.

ती फाटकाजवळच्या गणपतीच्या देवळीतून दिवा उचलून आली. वॉचमन म्हणाला, आत आग न्यायला बंदी आहे. तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. दिवा बादलीत ठेवला आणि बादली दोरावर सोडली. पायऱ्या संपतात तिथं ज्योत आखडली आणि विझली. धूरसुद्धा वर आला नाही. तिनं पुन्हा लावला. पुन्हा तिथंच विझला.

पाण्याची, चालती, उघडी विहीर.

"टाकीचा पाइप गळत असला पाहिजे," शेखर म्हणाला. "हा गॅस हवेपेक्षा जड. वारा नसला की जमिनीलगत वाहत उतारानं खाली येतो."

"अन् तुमचं त्ये गॅस मोजायचं मीटर?"

दोघांनी टॉवरकडं बघितलं. मीटरचा दिवा हिरवा होता. माणसाच्या डोक्याच्या उंचीवर बसवलेला.

रंभाबाईनं दिवा तिसऱ्यांदा लावला आणि जमिनीलगत धरून टाकीच्या दिशेनं चालली. विहिरीपासून टाकीपर्यंत, घोट्याच्या खाली कुठंच तो जळला नाही. त्याच वाटेवर ती रोज झाडत होती. काल तिथं वाकून पाला भरताना डोकं दुखलं होतं, ते तिला आता आठवलं. कठड्याच्या आतल्या कपारीत पारव्याची दोन पिल्लं मरून पडली होती. परत येऊन विहिरीत वाकली, तेव्हा तीही दिसली. पारवे पत्र्याच्या आवाजानं उठलेच नव्हते.

संध्याकाळी ती पिरंगुटच्या दवाखान्यात गेली. जुनैद शुद्धीवर होता, पण सकाळचं त्याला काही आठवत नव्हतं. जोहराबी खाटेशी बसली होती.

"जोहरा, त्याला म्या उतरवला," रंभाबाई म्हणाली. "सायेब कायबी सांगू देत. शेखरनं मला इचारलं, अन् म्या सांगितलं, उतरू दे."

जोहराबीनं जुनैदची चादर सारखी केली.

"वास कसला येत हुता?" तिनं विचारलं.

"न्हाई येत वास."

"रंग?"

"न्हाई."

"मंग फुडल्या बारीला कसं वळखशील?"

"आता चालत्या इहिरीतबी दिवा सोडल्याबिगर कुनाला सोडनार न्हाई."

जोहराबीनं जुनैदच्या काखेकडं बघितलं. दोर रुतलेला वळ तिथं काळानिळा उमटला होता. तिनं त्यावर हलकेच मलम चोळलं.

"अन् दिवा जळत राह्यला," ती म्हणाली, "तरी डोकं जड झालं, तर?"

गेणबानं शिकवलेलं सगळं रंभाबाईनं आठवून बघितलं. त्यात हे नव्हतं. ती खाली फरशीवर बसली, आणि जोहराबीनं मलमाची डबी तिच्या हातात दिली, दुसरी काख चोळायला.