टिळेकरसरांचा ओव्याचा पळस

चित्रकलेचे शिक्षक टिळेकरसर यांची आणि माझी ओळख पनवेलच्या शाळेत, आठवीच्या वर्गात झाली. मी आंब्याचं झाड काढलं होतं, खिडकीतून दिसत होतं अगदी तसं. सरांनी कागद उचलून गंभीरपणे विचारलं, "याला कंटाळा येत नाही का रे?" त्यांच्या स्वतःच्या चित्रांतली झाडं कधी कंटाळत नसत. शेवग्यावर छत्र्या वाळत असत, बगळे चष्मा लावून खाडीत मासे शोधत आणि डोंगर दुपारी कूस बदलून झोपत. गावातल्या कितीतरी घरांत आजही ही चित्रं टांगलेली आहेत.

शिमगा झाला की पुढच्या रविवारी सर आम्हाला जवळच्या ओवे गावी नेत. सकाळी सातला एस.टी. स्टँडवर जमायचं. कुणाच्या पिशवीत पेन्सिल सापडली तर सर ती आपल्या खिशात घालत. "आज फक्त बघायचं. काढायचं ते घरी जाऊन." ओव्याच्या माळावर एकच पळस होता, केशरी फुलांनी भरलेला. त्याच्याखाली आम्ही डबे उघडायचो, आणि शेजारच्या शेतातल्या पारूबाई कळशीभर पाणी आणून द्यायच्या. सरांनी हा पळस अनेकदा रंगवला आणि दर वेळी माळावरून उचलून ओढ्याकाठी नेला. म्हणत, "उन्हात उभं असतं बिचारं. बुडवू दे की पाय."

वडील अंथरुणाला खिळले तेव्हा मी शिक्षण सोडून न्हावा शेव्याला कामाला लागणार होतो. सरांनी नकाशे काढायला शिकवणाऱ्या, आरेखकाच्या अभ्यासक्रमाचा फॉर्म आणला, स्वतः भरला आणि माझ्यासोबत सबंध सकाळ रांगेत उभे राहिले. त्याच शिक्षणाच्या जोरावर मी नव्या वसाहतींचे नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत चिकटलो.

एक दिवस ओव्याचा माळही माझ्या टेबलावर आला. सर तोवर निवृत्त झाले होते. मुद्दाम कचेरीत येऊन म्हणाले, "बाकीचं जाऊ दे. तेवढा पळस ठेवता येईल का बघ." आमचे साहेब भले निघाले. "झाडाची जागा दाखव, बाग तिथे घेऊ," म्हणाले. मी क्षणाचाही विचार न करता ओढ्याकाठी हिरवा गोल काढला. जागेवर जाऊन बघायची गरजच वाटली नाही. इतकी वर्षं मी त्या झाडाखाली जेवलो होतो! पण डोळ्यांसमोर होतं ते माझ्या घरच्या भिंतीवरचं, सरांचं चित्र.

पुढच्या शिमग्यानंतर सरांबरोबर आम्ही नेहमीच्या सहलीला ओव्याला गेलो. ओढ्याकाठी बागेचं कुंपण होतं, आत काहीच नव्हतं. माळ बुलडोझरने सपाट केला होता. पारूबाई म्हणाल्या, "सर, तुमचा पळस नाय राहिला. आमी सांगितलं त्यांना, तोडू नका, सरांचा हाय. ते बोलले, नकाशात झाड तिकडं हाय, हितं नाय."

माझी चूक मला तिथे उभ्या उभ्या कळली. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू बरोबर काढलंस. मीच चुकीचं शिकवलं." त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासून सहल बंद आहे. सर रंगाला हात लावत नाहीत. हातात टेप घेऊन हिंडतात, नव्या रस्त्यांसाठी तोडली जाणारी झाडं मोजतात आणि पेन्सिलीने जिथल्या तिथे काढून खाली बुंध्याचा घेर लिहितात. ही चित्रं अचूक आहेत. मला ती बघवत नाहीत.

गौरव समितीने प्रसन्न लिहायला सांगितलं होतं. जमलं नाही, क्षमा असावी. पंचाहत्तरीच्या या दिवशी सरांना उदंड आयुष्य लाभो, त्यांचे डोळे आणि हात शेवटपर्यंत धड राहोत, हे मी मनापासून मागतो. आणि सर, तुमच्याकडे एकच मागणं आहे. जो दोष तुम्ही स्वतःकडे घेतलात तो माझा आहे, मला परत द्या. तो माझ्या पदरात टाकल्याशिवाय तुमच्याने रंग कालवला जाणार नाही. आणि तुम्ही तो टाकणार नाही, एवढं मी तुम्हाला ओळखतो.