शिट्टीनंतर

आमच्या धनुर्विद्येच्या वर्गात सगळ्यांचे बाण मारून झाले की सर शिट्टी वाजवतात. मग धनुष्यं खाली ठेवून सगळे एकदमच बाण काढायला लक्ष्याकडे निघतात. चालताना माझी पाठ नेहमी गार पडते. मागे एखाद्याच्या हातात धनुष्य राहिलं असेल तर?

काल शिट्टी वाजली, तेव्हा माझ्या भात्यात एक बाण उरला होता. सवयीनं हात गेला, बाण चढला, दोरी ताणली गेली.

"ताई, सोडू नका," सर अगदी हळू म्हणाले. "तशीच सावकाश सैल करा."

समोर लक्ष्याचा मधला पिवळा गोल झाकत कुणाची तरी पाठ निवांत चालली होती.

ज्या मागच्या माणसाला मी इतके दिवस घाबरत होते, त्याचे हात असे थरथरत असतील, हे मला ठाऊक नव्हतं.